कॉलेज बास्केटबॉलचा नवा कोच आला: निवड बरोबर की चूक, हा वाद नीट कसा घालायचा

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कोच बदलायचे दिवस सुरू होतात आणि त्याबरोबर भांडणंही सुरू होतात. नाव जाहीर झाल्यावर पहिल्या तासाभरात अर्धे लोक म्हणतात वाट लागली, अर्धे म्हणतात आता ट्रॉफी आलीच समजा. मला हा वाद मनापासून आवडतो, कारण तो नीट घातला ना तर त्यातून खेळ, पैसा, कॉलेजचं राजकारण सगळंच कळत जातं. इकडे शिकायला आलेली आपली मुलं-मुली ज्या युनिव्हर्सिटीत जातात तिथल्या टीमच्या प्रेमात पडतात आणि वर्षा-दोन वर्षांत या भांडणात ओढली जातात, तर त्यांच्यासाठी आणि भारतात रात्री जागून मॅचेस बघणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे क्रिकेटचा कोच म्हटलं की सिलेक्टर वेगळे, बोर्ड वेगळं, कॅप्टन वेगळा. कॉलेज बास्केटबॉलमध्ये तसं नसतं. प्लेयर कोण आणायचे, कोणाला किती मिनिटं खेळवायचं, स्टाफ कोण, देणगीदारांशी बोलायचं कोणी, सगळं त्या एका माणसाच्या गळ्यात. म्हणून कोचची निवड चुकली तर कॉलेजची चार-पाच वर्षं जातात आणि लोक एवढे पेटतात.

उदाहरण म्हणून मी मुख्यतः केंटकी युनिव्हर्सिटी घेतो. आठ नॅशनल टायटल्स असलेली टीम, लेक्सिंग्टनचं रप अरीना २० हजारांच्या वर माणसं घेतं, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथे जे झालं त्यात या वादाचे जवळपास सगळे मुद्दे सापडतात.

आधी तारीख पक्की करा

बहुतेक वाद इथेच बिघडतात. निवड चांगली होती का आणि निकाल चांगला लागला का हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकमेकांत कालवतात. निवड ज्या दिवशी झाली त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरच निवड तपासायची. पुढे काय झालं ते वेगळ्या रकान्यात. फोनच्या नोट्समध्ये तारीख टाकून चार ओळी लिहून ठेवा, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं आणि का वाटलं, कारण दोन वर्षांनी प्रत्येकजण म्हणतो की मला आधीच माहीत होतं.

केंटकीची तारीख १२ एप्रिल २०२४. त्याआधी १५ वर्षं जॉन कॅलिपारी कोच होता, २०१२ चं टायटल त्याचंच. पण शेवटची काही वर्षं फार वाईट गेली होती. २०२०-२१ मध्ये ९-१६ (९ जिंकल्या, १६ हरल्या), मग २०२२ मध्ये एनसीएए टूर्नामेंटच्या (मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा, हरला की बाहेर) पहिल्याच राउंडमध्ये १५ व्या सीडच्या (सीड म्हणजे मानांकन, १ सगळ्यात वरचं, १६ सगळ्यात खालचं) सेंट पीटर्सकडून हार, आणि मार्च २०२४ मध्ये १४ व्या सीडच्या ओकलंडकडून ८०-७६. त्या मॅचमध्ये ओकलंडच्या जॅक गोल्कीने दहा थ्री (लांबून टाकलेले तीन पॉइंटचे शॉट) मारले, दहा, आणि केंटकीच्या बेंचवरून त्यावर काहीच उत्तर आलं नाही. त्या टीममध्ये रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम होते बरं का, दोघंही त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टच्या (व्यावसायिक लीगमधल्या टीम्स नवे प्लेयर निवडतात तो) पहिल्या आठात गेले. लोक चिडले होते पण कॅलिपारीला काढायचं तर बायआउट, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट मोडायची भरपाई, ३ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास. म्हणजे काढणं जवळजवळ अशक्य. आणि मग तोच उठून आर्कन्सॉ युनिव्हर्सिटीचा कोच व्हायला गेला.

आता अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या खेळांचा प्रमुख, मिच बार्नहार्टकडे काही दिवस होते. यूकॉनचा (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) डॅन हर्ली जागचा हलला नाही, बेलरच्या स्कॉट ड्रूने ११ तारखेला आपण बेलरलाच राहतोय असं जाहीर केलं, आणि १२ ला केंटकीने मार्क पोपचं नाव सांगितलं. बीवाययूचा (यूटामधली ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) कोच, १९९६ च्या केंटकीच्या चॅम्पियन टीमचा कॅप्टन, आणि एनसीएए टूर्नामेंटमध्ये कोच म्हणून एकही विजय नाही. त्या रात्री केंटकीच्या फॅन्सनी जो गोंधळ घातला तो मुख्यतः या शेवटच्या वाक्यावरून.

हो म्हणणारा दुसरा कोण होता

निवड चूक म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, मग कोणाला आणायला हवं होतं? आणि नाव आलं की लगेच दुसरा प्रश्न, तो आला असता का? बाजारात त्या दिवशी जी भाजी आलीय त्यातलीच घेता येते. हर्ली लागोपाठ दुसरं टायटल जिंकून बसला होता, त्याने पुढे जूनमध्ये एनबीएच्या लेकर्सलासुद्धा नाही म्हटलं. ड्रूकडे २०२१ चं टायटल होतं, घर-चर्च-माणसं सगळं बेलरच्या गावात, वेकोमध्ये होतं. ही नावं यादीत धरून पोपला नापास करणं म्हणजे कागदी टीमशी तुलना आहे.

पण याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघा. केंटकीसारख्या ठिकाणी यादी लांब असते, आणि डायरेक्टरने दोन नकारांनंतर तिसऱ्याला घाईने पकडलं का, की तिसऱ्याचाही अभ्यास आधीच झाला होता, हे विचारायचा फॅन्सना पूर्ण हक्क आहे. याचं उत्तर बाहेरून पूर्ण कळत नाही, पण एक खूण असते. कॉन्ट्रॅक्ट बघा. पोपला पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, वर्षाला सरासरी ५५ लाख डॉलर. कॅलिपारीच्या जवळपास ८५ लाखांच्या तुलनेत हे बरंच कमी, आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला सुरुवातीलाच दहा वर्षं बांधून घेतलं नाही. मला हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो. कॅलिपारीच्या २०१९ च्या दहा वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टने हात कसे बांधले गेले ते याच लोकांनी बघितलं होतं. कोचची निवड म्हणजे माणूस अधिक किंमत अधिक बाहेर पडायचा खर्च, तिन्ही मिळून, आणि बहुतेक वाद फक्त माणसावर होतात.

रेकॉर्ड वाचायचं कसं

इथे जरा वेळ काढा कारण खरा माल इथेच आहे.

जिंकले-हरलेचा एकूण आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. पोपचं बीवाययूमधलं ११०-५२ ऐकायला छान वाटतं पण त्यातला बराचसा भाग वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समधला आहे (कॉन्फरन्स म्हणजे सीझनभर आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), जिथे गोन्झागा आणि सेंट मेरीज सोडले तर रोजची स्पर्धा तेवढी कडक नसते. म्हणून एक-एक सीझन वेगळा काढायचा आणि विचारायचं की या वर्षी लोकांची अपेक्षा काय होती आणि टीम कुठे पोचली.

त्याचं २०२३-२४ चं वर्ष काढून बघा. बीवाययू त्या वर्षी पहिल्यांदाच बिग १२ मध्ये आली, म्हणजे त्या काळातल्या बहुतेकांच्या मते देशातली सगळ्यात कठीण कॉन्फरन्स. सीझनच्या आधी कोचेसनी मत दिलं त्यात १४ टीम्समध्ये बीवाययू १३ वी. प्रत्यक्षात १०-८ करून पाचव्या नंबरवर बरोबरीत आली, आणि फेब्रुवारीच्या शेवटी कॅन्ससला त्यांच्याच अ‍ॅलन फील्डहाउसमध्ये ७६-६८ ने हरवलं. ज्यांनी तिथलं वातावरण टीव्हीवर का होईना बघितलंय त्यांना कळेल की तिथून जिंकून येणं म्हणजे काय.

आता आकडा बाजूला ठेवा आणि त्या टीमचं खेळणं बघा. मॅच लावा आणि फक्त सेंटरकडे लक्ष ठेवा. अली खलिफा, इजिप्तचा, उंच, फार उड्या न मारणारा, थ्री-पॉइंट लाइनच्या वर बॉल घेऊन उभा. त्याच्याभोवती चौघं कापत फिरतायत, कोणी स्क्रीनचा (डिफेंडरची वाट अडवून उभं राहायचं) नुसता आव आणून बास्केटकडे निसटतोय, आणि खलिफाचा पास बरोबर त्या क्षणाला. डिफेन्सचा मोठा माणूस रिमपासून बाहेर ओढला गेला की आतली जागा मोकळी, नाहीतर कोपऱ्यात शूटर मोकळा. मॅचला ३० च्या वर थ्रीचे प्रयत्न करायची ही टीम. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हे सगळं एनबीएच्या पहिल्या दहातले प्लेयर नसताना चाललं होतं. सिस्टीम चालत होती. कोच दुसरीकडे गेला तर सोबत काय नेईल याचं उत्तर इथे मिळतं, प्लेयर नेईल की नाही माहीत नाही, पण ही रचना नक्की नेईल.

आणि झालंही तसंच. केंटकीत त्याने ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स आणला, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा सात फुटी डावखुरा, आणि त्यालाच वर उभं करून त्याच्या हातून पास काढले, कधी कधी तर बॉल घेऊन तोच पुढे यायचा. हे नंतरचं आहे म्हणून निवडीच्या रकान्यात धरत नाही, पण आधी बघितलेलं खरं निघालं की आपली बघायची पद्धत ठीक आहे एवढं कळतं.

यासाठी केनपॉमसारखी रेटिंग्ज वापरा, जिथे दर १०० पझेशनमागे (पझेशन म्हणजे बॉल हातात असतानाची एक चढाई) टीम किती पॉइंट करते आणि किती देते हे समोरच्या टीमच्या ताकदीनुसार जुळवून दिलेलं असतं. एकूण नंबर बघून थांबू नका. ऑफेन्स आणि डिफेन्स वेगवेगळे बघा, चार-पाच वर्षांचे बघा. पोपच्या बाबतीत ऑफेन्स जोरात आणि डिफेन्स त्या मानाने मागे, हे चित्र निवडीच्या दिवशीही दिसत होतं, आणि ज्याला खरंच विरोध करायचाय त्याने हा मुद्दा धरायला हवा होता. टूर्नामेंटमधल्या शून्यापेक्षा तो कितीतरी भक्कम मुद्दा आहे.

मार्चमधले विजय किती मोजायचे

आता त्या शून्याकडे येऊ. पोप बीवाययूला घेऊन एनसीएए टूर्नामेंटमध्ये दोनदा गेला, २०२१ आणि २०२४, दोन्ही वेळा सहावा सीड, दोन्ही वेळा ११ व्या सीडकडून पहिल्या राउंडला बाहेर. २०२१ ला यूसीएलएने हरवलं, ती यूसीएलए पुढे थेट फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारांत गेली. २०२४ ला डुकेनने ७१-६७. आणि २०२० ची त्याची टीम, २४-८, त्या फेब्रुवारीत देशात दुसऱ्या नंबरच्या गोन्झागाला हरवलेली, तिला कोविडमुळे टूर्नामेंटच मिळाली नाही. मधल्या दोन वर्षी तर प्रवेशच नाही, तेही लिहा, ते त्याच्या विरुद्धच जातं आणि जायलाच हवं.

म्हणजे एकूण दोन मॅचेस. दोन मॅचेसवरून कोणाची लायकी ठरवू नका. एका मॅचमध्ये बाद होणारी टूर्नामेंट आहे ही, इथे टोनी बेनेटची व्हर्जिनिया २०१८ मध्ये पहिला सीड असून १६ व्या सीडच्या यूएमबीसीकडून ७४-५४ हरली, पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये तसं आधी कधीच झालं नव्हतं, आणि पुढच्याच वर्षी त्याच कोचने टायटल जिंकलं.

आणि सगळ्यात थेट उदाहरण फ्लोरिडाचं. मार्च २०२२ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून टॉड गोल्डनला आणलं. वय चाळिशीच्या आत, टूर्नामेंटमध्ये एकदाच गेलेला, तिथेही मरी स्टेटकडून ओव्हरटाइममध्ये हरलेला. म्हणजे मार्चमधले विजय शून्य, पोपसारखेच. पहिलं वर्ष १६-१७. तेव्हा कोणी वाद घातला असता तर गोल्डनच्या बाजूने बोलणारा माणूस मिळाला नसता. तिसऱ्या वर्षी ३६-४, एप्रिल २०२५ मध्ये ह्यूस्टनला ६५-६३ हरवून नॅशनल चॅम्पियन.

तर कोणी "मार्चमध्ये काय जिंकलाय त्याने" असं म्हणालं की गोल्डनचं नाव घ्या. पण मग लगेच स्वतःलाही आवरा, एका गोल्डनवरून प्रत्येक शून्यवाला चॅम्पियन होईल असं होत नाही. दोन्ही बाजूंना तो आकडा फार कमी सांगतो, बस एवढंच.

आपला माणूस, हा मुद्दा

माजी प्लेयरला कोच करायचं ही कॉलेजांची फार जुनी ओढ. भावना समजते मला. १४ एप्रिलला रविवारी रप अरीनामध्ये पोपची ओळख करून द्यायचा कार्यक्रम होता, दोन दिवसांपूर्वी शिव्या देणारं गाव रांगा लावून आलं, अरीना भरला, आणि पोप जुन्या प्लेयर्सबरोबर बसमधून ट्रॉफी घेऊन उतरला. ते बघून डोळ्यांत पाणी आलेली माणसं खोटी नव्हती. पण वाद घालताना तो कार्यक्रम पुरावा म्हणून वापरू नका. पहिल्या पत्रकार परिषदेत सगळेच जिंकतात.

आपला माणूस किती वेळा फसला ते बघा. जॉर्जटाउनने २०१७ मध्ये पॅट्रिक युइंगला आणलं, कॉलेजच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्लेयर. सहा वर्षांत ७५-१०९, मधल्या एका वर्षी बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये ०-१९. सेंट जॉन्सने २०१५ मध्ये क्रिस मलिनला आणलं, चार वर्षांत ५९-७३. लुइव्हिलने २०२२ मध्ये केनी पेनला, १९८६ च्या चॅम्पियन टीममधला, दोन वर्षांत १२-५२. या तिघांमध्ये समान काय? तिघांनीही आधी कॉलेजमध्ये हेड कोच म्हणून एकही सीझन काढला नव्हता.

आता कोणी म्हणेल मग नॉर्थ कॅरोलायनाचा ह्युबर्ट डेव्हिस? ड्यूकचा जॉन शायर? त्यांनीही हेड कोचचं काम आधी केलं नव्हतं, आणि डेव्हिस पहिल्याच वर्षी २०२२ ला टायटलच्या मॅचपर्यंत गेला, शायरने २०२५ ला फायनल फोर गाठली. बरोबर आहे, पण त्या दोघांना चालू गाडी मिळाली, आत बसून वर्षानुवर्षं शिकलेले, प्लेयर आहेत, स्टाफ आहे. युइंग, मलिन आणि पेनला बिघडलेलं घर दुरुस्त करायला दिलं होतं. तेव्हा नियम असा लावा, आपला माणूस असणं हा फायदा आहे की नाही हे नंतर बघू, आधी विचारा की काम कुठलं आहे आणि ते काम या माणसाने कुठे केलंय का. पोपने यूटा व्हॅलीला चार आणि बीवाययूला पाच अशी नऊ वर्षं हेड कोच म्हणून काढली होती. म्हणून त्याला युइंगच्या रांगेत उभं करणं मला कधीच पटलं नाही. (हा माणूस मेडिकलचं शिक्षण अर्धवट सोडून कोचिंगमध्ये आलाय, कोलंबिया युनिव्हर्सिटीतून, २००९ मध्ये. त्याचा निवडीशी काही संबंध नाही पण मला ते फार भावतं.)

आणि उलट बाजूचंही एक उदाहरण केंटकीतच आहे, जे मी प्रत्येक वादात काढतो. बिली गिलिस्पी, २००७. कागदावर याच्याइतका चांगला उमेदवार शोधून सापडणार नाही. यूटीईपीला (टेक्सस युनिव्हर्सिटी, एल पासो) ६-२४ वरून पुढच्याच वर्षी २४-८. टेक्सस ए अँड एम त्याच्या आधीच्या वर्षी बिग १२ मध्ये ०-१६ होती, तिला तिसऱ्या वर्षी स्वीट सिक्स्टीनमध्ये, म्हणजे टूर्नामेंटच्या शेवटच्या सोळांत नेलं. केंटकीत आला आणि दुसऱ्याच मॅचला घरच्या मैदानावर गार्डनर-वेबकडून ८४-६८. दोन वर्षांत ४०-२७, २००९ ला टूर्नामेंट हुकली, आणि गंमत म्हणजे सामंजस्याच्या मसुद्यावरच काम चाललेलं, पूर्ण कॉन्ट्रॅक्टवर सही झालीच नाही. माझ्या मते निवडीच्या दिवशी ती निवड वाईट नव्हती. जे तपासायला हवं होतं ते म्हणजे या नोकरीत बास्केटबॉलच्या बाहेरचं जे आहे, रोजचे कॅमेरे, गावोगावचे कार्यक्रम, माजी प्लेयर्स, देणगीदार, ते या माणसाला झेपेल का. केंटकीत ते अर्धं काम आहे. पोपच्या बाबतीत आपला माणूस असल्याचा खरा उपयोग इथे होतो, त्याने हे ओझं आतून बघितलेलं आहे.

हातात काय दिलं ते मोजा

पहिल्या सीझनवरून बोलायच्या आधी हे करा. नाहीतर सगळं चुकतं.

२०२१ पासून प्लेयर्सना एक वर्ष बसून न राहता कॉलेज बदलता येतं, २०२४ पासून कितीही वेळा. त्यासाठी ज्या यादीत नाव टाकतात तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. त्यात एनआयएलचे पैसे, म्हणजे प्लेयरला आपल्या नावावर कमाई करायची मुभा, आणि २०२५-२६ पासून तर कॉलेज स्वतःच प्लेयर्सना पैसे देऊ शकतं, सगळ्या खेळांमध्ये मिळून त्या पहिल्या वर्षी जवळपास २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यामुळे जुना हिशोब, नवीन कोचला चार वर्षं द्या त्याची मुलं येऊ द्या, तो आता तसाच्या तसा लागू होत नाही. दोन महिन्यांत अख्खी टीम उभी करता येते. आणि दोन महिन्यांत अख्खी टीम निघूनही जाते.

पोपला नेमकं तेच मिळालं. कॅलिपारी गेल्यावर स्कॉलरशिपवरचा एकही प्लेयर परत आला नाही. शून्य. त्याने पोर्टलमधून वयाने मोठे, अनुभवी प्लेयर गोळा केले, सॅन डिएगो स्टेटचा लमॉन्ट बटलर, डेटनचा शूटर कोबी ब्रे, वेक फॉरेस्टचा अँड्र्यू कार, ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे, आणि बीवाययूहून जॅक्सन रॉबिन्सन. कोणी एनबीएचा भावी स्टार म्हणून आलेला नव्हता. कॅलिपारीची पद्धत याच्या बरोबर उलट, १८-१९ वर्षांचे सगळ्यात गुणी प्लेयर घ्यायचे. तेव्हा तुलना करताना कोचला किती गुणवत्ता मिळाली आणि त्याने त्यातून किती काढलं असं बघा.

पहिला सीझन बघताना

पोपच्या पहिल्या वर्षाचा निकाल २४-१२, एसईसीमध्ये (केंटकीची कॉन्फरन्स) १०-८, तिसरा सीड, ट्रॉय आणि इलिनॉयला हरवून स्वीट सिक्स्टीन, तिथे टेनेसीकडून ७८-६५. त्या वर्षी एसईसीच्या १६ पैकी १४ टीम्स टूर्नामेंटमध्ये गेल्या होत्या, तेव्हा १०-८ कडे त्या नजरेने बघा. पहिल्या १५ रँकमधल्या टीम्सवर आठ विजय, त्यात पुढे चॅम्पियन झालेली फ्लोरिडासुद्धा, १०६-१००. आणि ओहायो स्टेटकडून न्यूयॉर्कमध्ये ८५-६५ असा मारही.

पण आकड्यांपेक्षा एक मॅच शेवटपर्यंत बघा, १२ नोव्हेंबर २०२४, अटलांटा, ड्यूक. समोर ड्यूकचा स्टार कूपर फ्लॅग. हाफटाइमला केंटकी मागे. दुसऱ्या हाफमध्ये काय झालं ते बघताना स्कोर झाका आणि बदल शोधा. कार ड्यूकच्या उंच प्लेयर्सवर सारखा बॉल घेऊन आत जातोय, थ्री पडत नाहीत म्हणून नुसते थ्री मारत बसले नाहीत, ड्यूकचे पाय जड झालेत आणि केंटकीचे बेंचवरून ताजे येतायत. शेवटच्या काही सेकंदांत फ्लॅग बॉल घेऊन येतो, ओवे त्याच्या हातून बॉल काढतो, फ्री थ्रो, ७७-७२. एकमेकांना जूनमध्ये भेटलेली मुलं नोव्हेंबरमध्ये अशा मॅचचा शेवट नीट खेळतात, तेव्हा कोच प्रॅक्टिसमध्ये काय करतोय ते दिसतं. मी नवीन कोचच्या पहिल्या सीझनमध्ये हेच शोधतो. टाइमआउटनंतरची पहिली पझेशन कशी जाते, हाफटाइमनंतर टीम बदलते का, २० ने मागे असताना मुलं अजून डिफेन्सला बसतायत का, आणि नोव्हेंबरची टीम आणि फेब्रुवारीची टीम यात फरक आहे का. दुखापतीही लिहून ठेवा, त्या वर्षी रॉबिन्सनचं मनगट, बटलरचा खांदा, केर क्रिसाचा पाय, हे वगळून बोलणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

आणि कृपा करून जुन्या कोचशी शर्यत लावू नका. १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारी आर्कन्सॉ घेऊन रपमध्ये आला आणि ८९-७९ जिंकून गेला. त्या रात्री पोपची निवड चुकली असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगितलं की दोघंही स्वीट सिक्स्टीनपर्यंत गेले तर काय म्हणाल. गेलेही दोघं. दोन्ही कॉलेजांचं भलं होऊ शकतं, घटस्फोटात एकाने हरायलाच हवं असं नाही.

किती थांबायचं

इथे माझं ठाम मत आहे. वाईट बातमी लवकर खरी ठरते, चांगल्याला वेळ लागतो.

डॅन हर्ली यूकॉनला २०१८ मध्ये आला, पहिलं वर्ष १६-१७. २०२१ ला टूर्नामेंटच्या पहिल्या राउंडमध्ये बाहेर, २०२२ लाही पहिल्याच राउंडमध्ये बाहेर. चार वर्षं झाली, मार्चमधला एकही विजय नाही. मग २०२३ टायटल, २०२४ टायटल. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणी नीट बघितलं असतं तर टीम दर वर्षी थोडी थोडी चढत होती, रिबाउंडिंग, डिफेन्स, भरती, सगळ्यात. चढ दिसत असेल तर थांबा.

याच्या उलट लुइव्हिल. पेनच्या पहिल्या सीझनला पहिल्या तीनही मॅचेस प्रत्येकी एका पॉइंटने हरले, बेलार्मिन, राइट स्टेट, अ‍ॅपलॅचियन स्टेट. एक-एक पॉइंट म्हणजे नशीब, असं म्हणता आलं असतं, पण मग ०-९ झालं आणि सीझन ४-२८ ने संपला, आणि दुसऱ्या वर्षीही ऑफेन्स म्हणजे काय करायचंय तेच प्लेयर्सना माहीत नसल्यासारखं दिसत होतं, ८-२४. तिथे तिसरं वर्ष द्यायची गरज नव्हती आणि दिलंही नाही. त्याच कॉलेजने २०२४ मध्ये चार्ल्स्टनहून पॅट केल्सीला आणलं, पोपसारखीच रिकामी टीम, पहिल्याच वर्षी २७-८. पोर्टलच्या जमान्यात "घर पडलेलं होतं" हे कारण दुसऱ्या वर्षापर्यंत फार ताणता येत नाही ते यामुळे.

वाद घालताना समोरच्याला सुरुवातीलाच एक विचारून ठेवा, काय दिसलं तर तुझं मत बदलेल? आणि आपलंही सांगा. माझं पोपबद्दलचं असं आहे: १२ एप्रिल २०२४ ला जे माहीत होतं आणि जे लोक हो म्हणणार होते, त्यात ही निवड चांगली होती, किंमतही योग्य होती. मी मत बदलेन ते डिफेन्सवरून. सलग दोन सीझन केनपॉममध्ये त्याचा डिफेन्स पहिल्या ४० च्या बाहेर राहिला, आणि तेही एसईसीतल्या वरच्या तीन-चार टीम्सइतके पैसे रोस्टरवर खर्च होत असताना, तर मी म्हणेन की बीवाययूमध्ये दिसलेली उणीव केंटकीने नीट तपासली नाही. समोरचा जर म्हणाला की टायटल आलं तरच मी मानेन, तर त्याला सांगा की केंटकीने शेवटचं टायटल २०१२ ला जिंकलं, त्याच्या आधीचं १९९८ ला, या हिशोबाने मधल्या प्रत्येक वर्षी प्रत्येकजण नापास. मग त्याला तारीख आणि आकडा मागा, कुठल्या सीझनला, कुठपर्यंत, आणि ते त्याच्यासमोरच लिहून घ्या.